रकाना सरळ, आकडा वाकडा

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. पुस्तकातल्या एखाद्या प्रोग्रॅमचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. एका कवितेवर दहा पाने लिहिणारे समीक्षक मराठीत आहेत, मग तीस ओळींच्या प्रोग्रॅमवर चार पाने लिहायला हरकत नसावी. शिवाय हा प्रोग्रॅम जे काम करतो ते प्रत्येक शिक्षक वर्षातून अनेक वेळा करतो : तक्ता तयार करणे आणि त्याचे रकाने जुळवणे.

आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन या तिघांनी १९७७ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये एक छोटी संगणकभाषा तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ‘ऑक’ पडले. ओळीओळींनी लिहिलेली माहिती वाचायची, प्रत्येक ओळीचे तुकडे पाडायचे, हवे ते तुकडे निवडून हिशेब करायचा आणि छापायचे, एवढ्यासाठीच ही भाषा आहे. १९८८ मध्ये याच तिघांनी तिच्यावर एक पुस्तक लिहिले, ‘द ऑक प्रोग्रॅमिंग लँग्वेज’. थोडक्यात, नेमके आणि हसतखेळत लिहिलेले संगणकविषयक पुस्तक कसे असावे याचा तो नमुना आहे, असे आमचे मत आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. पहिल्या आवृत्तीतील ‘टेबल’ नावाचा प्रोग्रॅम हा आमच्या परीक्षणाचा विषय. लेखकांनीच त्याच्या डोक्यावर ‘साधा तक्तेकार’ अशा अर्थाची टीप दिली आहे. म्हणजे त्यांचा दावा मोठा नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हा प्रोग्रॅम साध्या मजकुरातला तक्ता बनवतो. साधा मजकूर म्हणजे ज्यात अक्षरांची जाडी, आकार, रंग यांची कसलीही नोंद नसते. एकामागून एक चिन्हे असतात आणि ओळ संपली की संपल्याची खूण. ज्या यंत्रावर तो लिहिला ते मोडीत निघाले, ज्या कंपनीने सॉफ्टवेअर विकले ती बंद पडली, तरी साधा मजकूर वाचता येतो. शास्त्रज्ञांना त्याचे प्रेम आहे ते एवढ्यासाठीच. पण अशा मजकुरात रेघा आखलेले चौकोन नसतात. रकाने सरळ दिसायचे तर रिकाम्या जागा मोजून भराव्या लागतात, आणि हे मोजण्याचे कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपवावे ही कल्पना उघडच चांगली आहे.

‘टेबल’ते कसे करतो ते पाहू. त्याला दिलेल्या माहितीत प्रत्येक ओळीतील नोंदी टॅब या चिन्हाने वेगळ्या केलेल्या असाव्या लागतात. तो एकेक ओळ वाचून जशीच्या तशी साठवतो आणि वाचता वाचता प्रत्येक रकान्यातील सर्वांत लांब नोंद किती चिन्हांची आहे हे लक्षात ठेवतो. आकड्यांची सर्वांत मोठी लांबी तो वेगळी टिपतो. शेवटची ओळ वाचून झाल्यावरच छपाई सुरू होते. शब्द रकान्याच्या डाव्या कडेला लागतात, आकडे एकमेकांखाली उजवीकडे टेकतात आणि आकड्यांचा सगळा गठ्ठा मथळ्याखाली साधारण मध्यभागी बसतो.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे दोन फेऱ्या. कागदावर तक्ता आखणारा अनुभवी शिक्षक आधी पट चाळून सर्वांत लांब नाव कोणते ते पाहतो आणि मग रेघ मारतो. शेवटचा विद्यार्थी कोण हे ठाऊक झाल्याशिवाय पहिल्या ओळीची रुंदी ठरत नाही. नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये हीच गोष्ट हमखास सुटते. ते नावासाठी वीस जागा, गुणांसाठी चार जागा अशा रुंदी आधीच ठोकून देतात आणि एकवीस अक्षरांचे नाव आले की तक्ता मोडतो. दुसरी चांगली गोष्ट अशी की ‘टेबल’ आकडा बदलत नाही. जो लिहिला तोच, तितक्याच अंकांनिशी छापतो. हे वाटते तितके क्षुल्लक नाही; त्याकडे आपण लगेच येणार आहोत.

आता दोष. ते दाखवण्यासाठी ग्रहांचा तक्ता घेऊ, कारण तो शाळेत सर्वांच्या ओळखीचा आहे. पृथ्वीचे वस्तुमान १ मानले तर बुधाचे ०.०५५, शुक्राचे ०.८१५, मंगळाचे ०.१०७, गुरूचे ३१७.८ आणि शनीचे ९५.२ येते. हा रकाना ‘टेबल’ला दिला तर सगळे आकडे उजवीकडे टेकून असे छापले जातात. (रिकामी जागा नजरेस यावी म्हणून तेथे आम्ही = हे चिन्ह घातले आहे.)

०.०५५
०.८१५
====१
०.१०७
३१७.८
=९५.२

उजवी कडा अगदी सुतात आहे, आणि हा तक्ता सरळसरळ दिशाभूल करतो. बुध आणि गुरू यांचे आकडे सारख्याच लांबीचे दिसतात, कारण दोघांतही पाच चिन्हे आहेत. प्रत्यक्षात गुरूचे वस्तुमान बुधाच्या सुमारे पावणेसहा हजार पट आहे. पृथ्वीचा १ सहस्रांशांच्या घरात जाऊन बसला आहे. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, हा प्राथमिक शाळेत घोटून घेतलेला नियम ज्या कामासाठी शिकवला तेच काम करताना मोडला गेला. रकाना सरळ, आकडा वाकडा!

आकडे एकाखाली एक का मांडतात? बेरीज सोपी व्हावी हे एक कारण. दुसरे, आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण असे की नीट मांडलेल्या रकान्यात संख्येचा मोठेपणा वाचण्याआधीच दिसतो. दशांशचिन्हाच्या डावीकडे आकडा जितका लांब पसरेल तितका तो मोठा. अशा रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी एखादा चुकलेला आकडा दाताखाली खडा यावा तसा खटकतो. हा फायदा उजवी कडा जुळवून मिळत नाही, दशांशचिन्ह जुळवूनच मिळतो :

==०.०५५
==०.८१५
==१
==०.१०७
३१७.८
=९५.२

कडा दातेरी झाली, पण गुरू आता गुरूसारखा दिसतो. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये फार बदल लागत नाही. प्रत्येक आकड्याचे दशांशचिन्हापाशी दोन भाग करायचे, डाव्या भागांची आणि उजव्या भागांची सर्वांत मोठी लांबी वेगवेगळी मोजायची आणि दोन्ही बाजूंना तेवढ्या जागा भरायच्या. पाच-सहा ओळी वाढतील. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा चांगला स्वाध्याय आहे.

पुष्कळ लोक मात्र वेगळीच पळवाट काढतात. सर्व आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत छापा अशी आज्ञा देतात. मग ९५.२ चे ९५.२०० होते, ३१७.८ चे ३१७.८०० होते आणि रकाना अगदी देखणा दिसतो. ही पळवाट आम्हांला मूळ दोषापेक्षा वाईट वाटते. प्रयोगशाळेत विद्यार्थी मिलिमीटरच्या पट्टीने लांबी मोजतो आणि वहीत १२.३००० सेंटिमीटर लिहितो तेव्हा आपण त्याचा अर्धा गुण कापतो, कारण त्या शून्यांना आधार नसतो. येथे तीच शून्ये यंत्राने लिहिली म्हणून खरी ठरत नाहीत. वाचणाऱ्याला वाटणार की शनीचे वस्तुमान सहस्रांशापर्यंत मोजून दिले आहे. रकान्याच्या सौंदर्यासाठी मापनाची अचूकता फुगवणे हा विज्ञानात अपराधच आहे, आणि ‘टेबल’च्या लेखकांनी तो केला नाही हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आकडा कशाला म्हणायचे याची व्याख्याही प्रोग्रॅममध्ये आहे. सुरुवातीला हवे तर अधिक किंवा उणे चिन्ह, मग अंक, आणि त्यांत जास्तीत जास्त एक दशांशचिन्ह. एवढेच. स्वल्पविराम चालत नाही. म्हणून गुरूचा व्यास १४२९८४ किलोमीटर असा लिहिला तर तो आकडा ठरून उजवीकडे जातो. आपल्या पद्धतीने १,४२,९८४ असा लिहिला तर शब्द ठरतो आणि डाव्या कडेला चिकटतो. त्याच रकान्यात बुधाचे ४८७९ उजवीकडे आणि गुरूचे लाख डावीकडे, असा मजेदार प्रकार होतो. दहाच्या घातांत लिहिलेल्या संख्यांचीही हीच गत.

येथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे, कारण चिन्हे मोजून रकाने जुळवण्याची ही सवय ऑकच्या फार आधीची आहे. आय.बी.एम.ने १९२८ मध्ये ऐंशी रकान्यांचे भोकांचे कार्ड बाजारात आणले. कार्डावर कोणत्या रकान्यात भोक आहे यावरच त्याचा अर्थ ठरत असे. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेने हीच पद्धत उचलली : एकूण आठ जागा, त्यांपैकी तीन दशांशचिन्हानंतर, अशा सूचना देऊन आकडे छापायचे. ठरवलेल्या जागेत आकडा मावला नाही तर फोरट्रान तेथे आकडाच छापत नाही, तारकांची रांग छापते. सी भाषा आणि तिच्या वळणावर गेलेली ऑक यांचे धोरण उलटे आहे. त्या आकडा पूर्ण छापतात आणि उरलेली ओळ उजवीकडे ढकलतात. एकीने तक्ता वाचवला, आकडा गमावला. दुसरीने आकडा वाचवला, तक्ता मोडला. आमचा कौल फोरट्रानच्या बाजूने नाही, पण तारका पाहून निदान घोटाळा झाला हे कळते, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.

रकान्याची जागा हाच अर्थ मानण्याची किंमत केवढी असते याचे एक उदाहरण आमच्या संशोधनक्षेत्राच्या शेजारचे आहे. प्रथिनांच्या त्रिमिती रचना साठवणारी ‘प्रोटीन डेटा बँक’ १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. प्रत्येक अणूसाठी ऐंशी रकान्यांची एक ओळ ठरली, त्या कार्डाच्याच मापाची. ३१ ते ३८ या रकान्यांत क्ष अक्षावरचे अंतर, ३९ ते ४६ मध्ये य, ४७ ते ५४ मध्ये झ. अणूचे नाव १३ ते १६ या चार रकान्यांत. आता गंमत पाहा. रोमन लिपीतील सी आणि ए ही दोन अक्षरे तेराव्या रकान्यापासून सुरू झाली तर अर्थ होतो कॅल्शियम. तीच चौदाव्यापासून सुरू झाली तर अर्थ होतो अमिनो आम्लातील अल्फा स्थानाचा कार्बन. एका रिकाम्या जागेने मूलद्रव्य बदलते! पुढे मूलद्रव्याचे चिन्ह ७७ आणि ७८ या रकान्यांत वेगळे देण्याची सोय झाली.

अंतरांसाठी आठ जागा, त्यांत तीन दशांश स्थळे. उणे १०० पूर्णांक शून्य शून्य शून्य ही संख्या लिहिली की आठही जागा भरतात. शेजारची संख्याही तशीच असली तर दोन्ही एकमेकींना चिकटून छापल्या जातात, मध्ये रिकामी जागा उरत नाही. रकाने मोजून वाचणाऱ्याला काहीच अडचण येत नाही. रिकामी जागा दिसली की तुकडा पाडणारा प्रोग्रॅम मात्र दोन्हींना एकच समजतो. अणूच्या अनुक्रमांकाला पाच जागा, म्हणून एका फाइलमध्ये ९९,९९९ च्या पुढे मजल नाही. ज्याच्या रचनेवरील संशोधनाला २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या रायबोसोमसारख्या अवाढव्य रचना तुकडे करून अनेक फाइलींत ठेवाव्या लागत. अखेर २०१४ मध्ये बँकेने जुना साचा मागे ठेवून, प्रत्येक नोंदीला नाव देणारा आणि रकान्याच्या जागेवर विसंबून नसलेला साचा प्रमाण मानला.

या पार्श्वभूमीवर ‘टेबल’चा एक निर्णय फार शहाणपणाचा ठरतो. आत येणारी माहिती टॅबने तोडलेली हवी, असा त्याचा आग्रह आहे. टॅब हा भेद सांगतो, जागा सांगत नाही. पण बाहेर पडणाऱ्या तक्त्यात तो टॅब राहत नाही. त्याच्या जागी रिकाम्या जागा येतात. म्हणजे हा रस्ता एकेरी आहे. छापलेला तक्ता डोळ्यांसाठी आहे, यंत्राला पुन्हा वाचायला देण्यासाठी नाही. पुस्तकाच्या चालण्याबोलण्याची सवय असलेल्या वाचकाला हे आपोआप कळेलही, शाळेत मात्र ते बजावून सांगावे लागते, कारण तेथे याची झळ थेट विद्यार्थ्याला लागते.

समजा निकालाच्या तक्त्यात मराठी, गणित, विज्ञान, इतिहास असे चार रकाने आहेत आणि एक मुलगी गणिताच्या परीक्षेला गैरहजर होती. टॅब असलेल्या मूळ यादीत तिच्या मराठीच्या गुणांनंतर लागोपाठ दोन टॅब येतात. मधली नोंद रिकामी आहे हे स्पष्ट राहते. छापील तक्त्यातही डोळ्याला मोकळी जागा दिसते. पण तोच छापील तक्ता कोणी बेरजेसाठी पुन्हा ऑकला दिला, तर ऑक नेहमीच्या सवयीप्रमाणे कितीही रिकाम्या जागा सलग असल्या तरी त्यांना एकच भेद समजतो. मुलीचे विज्ञानाचे गुण गणितात जातात, इतिहासाचे विज्ञानात, आणि गैरहजरी इतिहासाला लागते. एकूण बेरीज बरोबरच येते, म्हणून पडताळणीतही कोणाच्या लक्षात येत नाही. रिकामी नोंद रिकामी न ठेवता तेथे ‘गैर’ असे काही लिहावे, आणि मूळ टॅबची यादी कधीही फेकू नये. छापील तक्ता पुन्हा केव्हाही बनवता येतो, यादी नाही.

आतापर्यंतचे दोष कोणत्याही देशातल्या वाचकाला लागू आहेत. खास आपल्याला लागू असलेला दोष लिपीचा आहे, आणि त्याबद्दल त्या तिघांना दोष देणे अन्यायाचे होईल. १९८८ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्तीही निघालेली नव्हती. ती १९९१ मध्ये आली. त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याच ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. तरीही आजचा मराठी शिक्षक जेव्हा हा प्रोग्रॅम वापरेल तेव्हा काय होईल, हे सांगणे परीक्षकाचे काम आहे.

आधी अंक. प्रोग्रॅमच्या व्याख्येत अंक म्हणजे रोमन लिपीबरोबर येणारे शून्य ते नऊ. आपले ०, १, २ त्याच्या लेखी अंकच नाहीत. ग्रहांचा वरचा तक्ता आम्ही छापण्याच्या सोयीसाठी देवनागरी अंकांत दिला. प्रत्यक्ष देवनागरी अंकांत लिहून दिला तर सगळे आकडे शब्द ठरून डावीकडे लागतील. हे निदान दिसते तरी. न दिसणारा धोका पुढे आहे. ऑकला देवनागरीत लिहिलेले ७४ आणि ८१ यांची बेरीज करायला सांगितली तर उत्तर शून्य येते. तक्रार नाही, सूचना नाही, तारका नाहीत. ज्याला आकडा म्हणून ओळखता आले नाही त्याची किंमत शून्य धरायची असा त्या भाषेचा नियम आहे. पायथॉन भाषा या बाबतीत अधिक उदार आहे, ती देवनागरी अंकांतील ७४ ही संख्या म्हणून बिनतक्रार वाचते. ऑकने हा नियम सोयीसाठी केला हे आम्ही समजू शकतो, पण चुकीच्या उत्तरापेक्षा तक्रार केव्हाही बरी.

आता शब्द. ‘टेबल’चा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे : एक चिन्ह, एक जागा. इंग्रजी टंकलेखन यंत्रावर आणि जुन्या संगणकाच्या पडद्यावर ते खरे होते. ग्रहांच्या नावांवर ते तपासू. बुध हा शब्द संगणकात ब, उकार आणि ध अशा तीन चिन्हांनी साठवला जातो. शनीची चिन्हे तीन, मंगळची चार, गुरूची चार. शुक्रमध्ये श, उकार, क, हलन्ताची खूण आणि र अशी पाच. पृथ्वीत प, ऋकार, थ, हलन्त, व आणि ईकार अशी सहा. बुध, शुक्र, पृथ्वी, गुरू, शनी, सगळे दोन-दोन अक्षरांचे शब्द. संगणकाच्या मोजणीत मात्र तीनपासून सहापर्यंत. पृथ्वी सर्वांत लांब ठरते, म्हणून तिच्यापुढे एकही रिकामी जागा भरली जात नाही आणि बुधापुढे तीन भरल्या जातात. परिणामी पृथ्वीच्या ओळीतले सगळे आकडे डावीकडे सरकतात. रकाना नागमोडी दिसू लागतो.

जुन्या ऑकमध्ये याहून वाईट अवस्था होती. ती चिन्हेही मोजत नव्हती, बाइट मोजत होती. हल्ली सर्वत्र रूढ असलेल्या यू.टी.एफ.-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पृथ्वीची लांबी अठरा आणि बुधाची नऊ. फरक तीनऐवजी नऊ जागांचा! २०२२ मध्ये कर्निघन यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतः बसून ऑकमध्ये युनिकोडची सोय केली. ऐंशीव्या वर्षी आपल्याच पंचेचाळीस वर्षे जुन्या प्रोग्रॅमची डागडुजी करणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. पण त्या दुरुस्तीने बाइटऐवजी चिन्हे मोजली जाऊ लागली, अक्षरे नव्हेत. नऊची चूक तीनवर आली.

चिनी आणि जपानी लिपींत ही अडचण सुटली आहे. तेथील चित्राक्षर बरोबर दोन जागा घेते असा संकेत सर्वांनी पाळला, म्हणून दोनने गुणले की काम भागते. आपल्याकडे तसे होत नाही. उकार, मात्रा, अनुस्वार जागा घेत नाहीत, काना घेतो, थ्व किंवा स्त्रसारख्या जोडाक्षराला किती जागा लागेल हे त्या त्या टंकावर अवलंबून. युनिकोडने २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत नियम सुधारला आणि जोडाक्षर हे मध्ये न तोडता एकच अक्षर धरायचे असे ठरवले. आधीच्या नियमाने पृथ्वीची तीन अक्षरे होत, आता आपण म्हणतो तशी दोन होतात. मराठी शिक्षकाला हे वाचून हसू येईल, पण ही सुधारणा खरोखर मोलाची आहे. तरी तिने अक्षरांची संख्या कळते, रुंदी नाही. र आणि ण शेजारीशेजारी लिहून पाहावेत. रिकाम्या जागा मोजून त्यांना समान करता येणार नाही.

यावर तोड जुन्या टंकलेखकांपाशी होती. मराठी टंकलेखन यंत्रावर उकाराची किंवा मात्रेची कळ दाबली तरी कॅरेज पुढे सरकत नसे, म्हणून चिन्हे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. तक्ता करायचा झाला की टंकलेखक हव्या त्या जागी टॅबचे थांबे लावून ठेवी. नाव बुध असो की पृथ्वी, कळ दाबली की कॅरेज थेट थांब्यावर. किती चालून आलो याचा हिशेब नाही, कोठे पोचायचे ते पक्के. संगणकातला टॅब हा त्याच कळीचा वारस, पण ‘टेबल’ त्याला वाचून झाल्यावर फेकून देतो आणि पुन्हा पावले मोजत बसतो.

म्हणून देवनागरीतल्या नावांसाठी आमची शिफारस अशी. तक्ता कागदावर किंवा पडद्यावर नेटका दिसायला हवा असेल तर टॅबची यादी तशीच तक्ते आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हवाली करावी. तेथे रकान्याची रेघ जागेवर ठरते, चिन्हांच्या मोजणीवर नाही. साध्या मजकुरातच तक्ता हवा असेल तर रकान्यांचा क्रम बदलावा. आकड्यांचे रकाने आधी आणि नाव सर्वांत शेवटी. शेवटच्या रकान्यानंतर जुळवायचे काहीच उरत नसल्यामुळे नाव किती रुंद आहे याला महत्त्व राहत नाही. आकडे दशांशचिन्हापाशी जुळलेले, आणि त्यांच्या उजवीकडे बुध, शुक्र, पृथ्वी आपापल्या रुंदीने मोकळे. हजेरीपटावर नाव आधी लिहिण्याची सवय असल्यामुळे पहिल्या दिवशी हा तक्ता उलटा वाटतो. ‘टेबल’मध्ये त्यासाठी एकही ओळ बदलावी लागत नाही; यादी देतानाच रकाने फिरवून द्यावेत. हा फेरबदल ऑकमध्ये एका ओळीत होतो, आणि अशी एका ओळीची कामे त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात शिकवली आहेत.